माकुलावरचं पीठ

‘डाएट व्हर्जन’ म्हटलं की माझ्या कपाळावर आठी उमटायची. फुलकोबीचा ‘भात’, दुधीच्या ‘नूडल्स’, साखरेविना गुलाबजाम... असलं काही कुणी कौतुकानं पुढं केलं की मी तोंडदेखला एक घास घ्यायची आणि विषय बदलायची. नेरुळला माझ्या घरी मी स्वयंपाकाचे वर्ग घेते. ओटा मोठा आहे, सात-आठ जणी आरामात उभ्या राहतात. नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी माझा दंडक ऐकवलेला असायचा : इथं पदार्थ शिकवला जाईल, त्याची क्षमा मागितली जाणार नाही. तळायचं तर तळायचं. लोणी लागतं तिथं लोणीच पडेल. ज्यांना पथ्य आहे त्यांनी एक तुकडा कमी खावा, पण पदार्थाला पथ्याला बसवू नये.

हे मत मी हट्टापोटी धरलं नव्हतं, त्यामागं विचार होता. एक तर तळलेला पदार्थ रोजचा नसतोच. पाहुणे आले, पाऊस लागला, कुणाचा वाढदिवस आला की करायचा आणि मनसोक्त खायचा. महिन्यातून एकदा अस्सल खाणारा माणूस आठवड्यातून तीनदा नक्कल खाणाऱ्यापेक्षा सुखी असतो आणि बहुधा निरोगीही. दुसरं म्हणजे ‘हलकी आवृत्ती’ माणसाला खोटा दिलासा देते. हे हलकं आहे म्हणत आपण दुप्पट खातो. आणि तिसरा मुद्दा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा : कुरकुरीत आवरण म्हणजेच तो पदार्थ. ते काढलं तर उरलं काय?

पहिले दोन मुद्दे मला आजही पटतात. मत बदललं ते तिसऱ्याबाबत, आणि ते बदललं माकुलामुळं, म्हणजे स्क्विडमुळं.

माझ्या ‘इटालियन स्टार्टर्स’च्या वर्गात कलामारी फ्रित्ती, म्हणजे तळलेल्या माकुलाच्या चकत्या, हे हुकमाचं पान होतं. वाशी-नेरुळमध्ये मॉल आले, त्यांच्यात रेस्तराँ आली आणि मासे खाणाऱ्या आमच्यासारख्या घरांतली मुलं बोंबील-मांदेली सोडून ‘कलामारी’ मागवू लागली. ती घरी करायला शिकवा, अशी मागणी येणं ओघानंच आलं. माझी पद्धत ठरलेली : चकत्या आधी कोरड्या मैद्यात, मग फेटलेल्या अंड्यात, मग पावाच्या चुऱ्यात. पुन्हा अंडं, पुन्हा चुरा. कढईत पडताच त्या सोन्याच्या कड्यांसारख्या फुगायच्या. शेजारी मेयोनीज आणि टोमॅटोचा लाल सॉस. फोटो झकास यायचा. वर्गातल्या बायका तिथंच ताट रिकामं करायच्या.

एका तुकडीत बेलापूरच्या एका बँकेत काम करणारी मुलगी होती. वय तिशीच्या आतलं. चकत्या ताटात पडल्या तशी तिनं विचारलं, “मॅडम, एवढ्यात कार्ब्ज किती असतील?”

माझं उत्तर तयार होतं. म्हटलं, “अगं, एक दिवस खाल्लंस तर काही होत नाही.”

“नाही, मी खाणारच आहे,” ती म्हणाली. “मला टाइप वन आहे, लहानपणापासून. किती कार्ब्ज आहेत त्यावर इन्सुलिन किती घ्यायचं ते ठरतं. कमी नकोय मला, आकडा हवाय.”

टाइप वन मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवणं जवळपास थांबवतं, ते बाहेरून घ्यावं लागतं. दर जेवणाआधी हे लोक ताटातल्या कर्बोदकांचा अंदाज बांधतात आणि त्या हिशेबानं डोस ठरवतात. अंदाज फार कमी धरला तर साखर चढते, फार जास्त धरला तर ती घसरते आणि हातपाय कापायला लागतात. पोळी, भात, केळं यांचे आकडे त्यांना पाठ असतात. माझ्या चकत्यांचा आकडा कुणालाच ठाऊक नव्हता, मलाही नाही. वर्षानुवर्षं शिकवत असलेल्या पदार्थात मैदा नेमका जातो किती, हे मी कधी मोजलंच नव्हतं. कृतीत लिहिलेलं असायचं, ‘मैदा, पावाचा चुरा – लागेल तसा’.

तिला त्या दिवशी ढोबळ अंदाज सांगितला आणि पुढच्या वेळी नक्की आकडा देते म्हटलं. मग एका सकाळी केक करायचा वजनकाटा काढला. साफ केलेलं, चकत्या केलेलं पाव किलो माकूल घेतलं. मैद्याचं ताट आणि चुऱ्याचं ताट आधी तोलून ठेवलं. नेहमीसारखं घोळवलं, नेहमीसारखं झटकलं आणि ताटं पुन्हा काट्यावर ठेवली. दोन्ही मिळून नव्वद ग्रॅमच्या थोडं वर कमी भरलं. म्हणजे तेवढं पीठ माकुलावर चढलं होतं.

आता हिशेब. मैदा आणि पावाचा चुरा यांत १०० ग्रॅममागं साधारण ७२ ते ७६ ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे आवरणातूनच ६७-६८ ग्रॅम. पंचवीस ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात साधारण १८ ग्रॅम धरतात. जेवणाआधी ‘थोडंसं तोंडात टाकायला’ म्हणून आलेल्या पाव किलो माकुलावर जवळजवळ चार फुलके गुंडाळलेले होते. आणि खुद्द माकूल? १०० ग्रॅम कच्च्या माकुलात कर्बोदकं सुमारे ३ ग्रॅम, प्रथिनं १५ ते १६ ग्रॅम, स्निग्धांश दीड ग्रॅमसुद्धा नाही आणि कॅलरी ९२च्या आसपास. समुद्रातून येतं ते इतकं हलकं. जड करणारा हात माझा.

तिला आकडा दिला. तिनं फोनवर गणित केलं आणि विषय तिच्यापुरता संपला. माझ्यापुरता नाही. मला खुपलं ते मात्र साखरेचं गणित नव्हतं, आमच्या धंद्यातली गोष्ट होती. पाव किलो माशावर नव्वद ग्रॅम पीठ, त्यात अंडं, त्यात शोषलेलं तेल; मग माझ्या पदार्थात खाणाऱ्याच्या तोंडात नक्की जातंय काय? पुढच्या वर्गात मी नीट पाहिलं. चकतीचा तुकडा तोडायला दात लावला की आतलं माकूल अखंड ओढून निघतं आणि बोटांत उरतं कुरकुरीत आवरणाचं पोकळ कडं. हे कुणाच्या लक्षात आलं नसेल असं नाही. सगळ्या जणी ते कडं सॉसमध्ये बुडवून स्वतंत्र खात होत्या. आवरणाचं आणि माशाचं लग्न लागलेलंच नव्हतं. दोघं एका ताटात होती, एवढंच.

तरी मी लगेच पक्ष बदलला नाही. उलट, ‘लो-कार्ब’वाल्यांचे उपाय करून बघावेत, ते फसतील आणि माझं मत शाबूत राहील, असा माझा होरा होता. तो बराचसा खराही ठरला.

बदामाचं पीठ पहिलं. माकूल शिजायच्या आत ते करपलं, तेलात सुटलं, तळाशी काळा गाळ झाला. उरलेलं गोडसर लागत होतं. शिवाय ‘लो-कार्ब’ आणि ‘हलकं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथं लख्ख कळलं. १०० ग्रॅम मैद्यात सुमारे ३५० कॅलरी, बदामात ५८०च्या वर. कर्बोदकं उतरली आणि वजनाच्या काट्याला मात्र कामाला लावलं, असा तो सौदा. सुक्या खोबऱ्याचा कीस लावला तर पदार्थ नारळी पौर्णिमेचा झाला. सोयाच्या पिठाला वास. किसलेलं कडक चीज चविष्ट लागलं, पण ते वितळून चकत्या एकमेकींना चिकटल्या आणि माकुलाची स्वतःची चव साफ पुसली गेली. बेसनात १०० ग्रॅमला ५८-६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे मैद्याहून कमी. पण बेसन लावलं की कशाचीही भजीच होते, माकुलाचीही झाली.

मग एअर फ्रायर. आमच्या सोसायटीत हे यंत्र घराघरांत पोहोचलंय, शेजारणीनं आनंदानं आणून दिलं. बटाट्याला ते चांगलं. माकुलाला नाही, आणि त्याला कारण आहे. माकुलाचं मांस म्हणजे आडव्या-उभ्या स्नायूंची घट्ट वीण, मधे कोलॅजेन. ते दीड-दोन मिनिटांत काढलं तर मऊ राहतं, किंवा अर्धा-पाऊण तास मंद शिजवलं तर कोलॅजेन विरघळून पुन्हा मऊ होतं. मधल्या सगळ्या वेळेत ते रबर. तेल उष्णता झपाट्यानं देतं, हवा सावकाश. हवेनं वरचा रंग बदलेपर्यंत सहा-सात मिनिटं गेलेली असतात आणि आत चप्पल तयार झालेली असते.

अशा रीतीनं सगळे पर्याय पडले. माझी कॉलर ताठ व्हायला हरकत नव्हती. पण काट्यावरचा तो नव्वदचा आकडा डोक्यातून जाईना. मैद्याऐवजी काय लावायचं, हाच प्रश्न मी फिरवून फिरवून विचारत होते. लावायचं कशाला, हे विचारलंच नव्हतं.

ते विचारायला लावलं दोन ठिकाणांनी. एक इटली. तिथल्या पाककृती मी जरा नीट वाचायला घेतल्या तेव्हा दिसलं, की किनारपट्टीच्या गावांत माकूल तळताना सहसा अंडं नसतं, पावाचा चुराही नसतो. सेमोला, म्हणजे पास्त्याच्या कडक गव्हाचं रवाळ पीठ, किंवा साधं पीठ घ्यायचं, ओलसर चकत्या त्यात टाकायच्या, चाळणीत घेऊन जोरात हलवायच्या, चिकटेल तेवढं राहील, बाकी गळून जाईल. मग भरपूर गरम तेलात थोडा वेळ. वर मीठ, शेजारी लिंबाची फोड. नेपल्सकडे हीच तळलेली मासळी कागदाच्या शंकूत घालून रस्त्यावर विकतात. माझं ते दोनदा अंडं-चुऱ्याचं चिलखत आणि त्याबरोबरचा लाल सॉस ही अमेरिकेतल्या इटालियन रेस्तराँची आणि गोठवलेल्या पाकिटांची वळणं. वर्गात ‘अस्सल’ म्हणून मी ज्याची पाठराखण करत होते, ते अस्सल नव्हतं. ज्यांच्या नावानं पदार्थ ओळखला जातो, त्यांचा हात आमच्या कोळणींसारखाच होता, पिठाला जेमतेम शिवणारा.

दुसरं ठिकाण दिवाळे. बेलापूरच्या खाडीकाठचा हा कोळीवाडा नवी मुंबईतल्या मासेखाऊंना सांगायला नको. जून-जुलैची मासेमारीबंदी उठली, नारळ वाहिला, होड्या पुन्हा जाऊ लागल्या की काही दिवसांत पाटीवर माकूल दिसू लागतं. कुणी त्याला नळ म्हणतं. वाटे लावलेले असतात. मी नेहमीच्या मावशींकडून साफ करून घेते. डोक्याकडचा भाग धरून एका झटक्यात ओढला की आतडी, शाईची पिशवी सगळं बाहेर येतं. मग पोकळ अंगातून ती प्लॅस्टिकसारखी पारदर्शक काडी उपसायची, पायांच्या मधली टणक चोच दाबून काढायची, वरची जांभळट साल ओढायची. सांगायला वेळ लागतो, मावशींना लागत नाही. त्यांना विचारलं, “मावशी, तुम्ही तळता तेव्हा वर काय लावता?” त्या म्हणाल्या, “हळद, मीठ, मसाला. बोंबलाला रवा लागतो, याला कशाला? पीठ काय घरात खायला नाही?”

बोंबलाची तुलना त्यांनी सहज केली, पण त्यात सगळं आलं. बोंबील अंगानं पाण्याचा. ८५ ते ९० टक्के पाणीच. म्हणून आपण तो चिरून पाट्याखाली दाबतो, पाणी काढतो आणि तरी रवा किंवा तांदळाचं पीठ लावल्याशिवाय तव्यावर टाकत नाही, नाहीतर त्याचा लगदा होतो. तिथं आवरणाला काम आहे, मासा एकसंध ठेवायचं. माकूल मुळातच घट्ट. त्याला धरून ठेवायला कुणी लागत नाही. त्याच्या वरची ओल टिपायला आणि रंग यायला चिमूटभर काहीतरी असलं की भागतं.

तेव्हापासून मी माकूल असं करते. पाव किलो साफ माकूल, चकत्या बोटाच्या पेराएवढ्या रुंद. पाय फेकायचे नाहीत, ते सगळ्यात कुरकुरीत होतात. धुऊन निथळून सुती फडक्यानं टिपायचं आणि ताटात पसरून, न झाकता, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायचं. फ्रिजमधली कोरडी हवा जेवढं पाणी ओढून घेते, तेवढं पीठ आपल्याला कमी लागतं. मग अर्ध्या अंड्याचा पांढरा भाग, फक्त बोटांनी चोळण्यापुरता. त्यावर एक मोठा चमचा तांदळाचं पीठ, वजनानं दहा-बारा ग्रॅम, त्यात मिरपूड आणि किंचित हळद. चाळणीत घालून झटकायचं. मीठ आत्ता नाही. आधी घातलं तर पाणी सुटतं. लहान कढईत दोन बोटं तेल, चांगलं तापलेलं, १८० अंशांच्या आसपास. पिठाचा कण टाकला की तत्क्षणी वर आला पाहिजे. थोड्या थोड्या चकत्या टाकायच्या, मिनिट-सव्वा मिनिट, कडा सोनेरी झाल्या की बाहेर. कागदावर नाही, जाळीवर. तळणीचं बरंचसं तेल पदार्थात शिरतं ते बाहेर काढल्यावर, निवताना. आतली वाफ आकसते आणि वरचं तेल आत ओढलं जातं. जाळीवर हलवून घेतलं की ते तेल गळून जातं. मग मीठ, लिंबू.

मैद्याऐवजी तांदळाचं पीठ घेण्यात पथ्याचा भाग नाही. १०० ग्रॅमला कर्बोदकं त्यात मैद्याहून कणभर जास्तच असतात. पण ते तेल कमी पितं आणि पातळ थरातही खुसखुशीत होतं, त्यामुळं थोड्यावर भागतं. एकूण हिशेब : पीठ आणि माकूल मिळून पाव किलोला सतरा-अठरा ग्रॅम कर्बोदकं. पूर्वी पंचाहत्तरच्या आसपास होती. तीन चतुर्थांश भार गेला आणि त्यासाठी बदाम, खोबरं, यंत्र, महागडं पाकीट असलं काहीच विकत आणावं लागलं नाही. त्या मुलीला नवा आकडा दिला तेव्हा ती म्हणाली, “एवढाच? मग याच्याबरोबर मी भाकरी खाईन.” माझ्या पदार्थाला मिळालेली ही सगळ्यात व्यवहारी दाद.

चवीचं विचाराल तर पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला जरा उघडं-उघडं वाटलं. मोठा कुर्रकन आवाज नाही, सॉस धरून ठेवायला जागा नाही. दुसऱ्या घासाला माकुलाची स्वतःची गोडी जाणवली. ती गोडी मी इतकी वर्षं चुऱ्याखाली पुरत होते. आता मला जुना प्रकार समोर आला तर जड वाटतो. वर्गातल्या सगळ्यांना हे पटतं असं नाही. तरुण मुलींना अजूनही ते फुगलेलं कडं हवं असतं, आणि त्यांना तेही मी शिकवते. फरक इतकाच, की कृतीत आता ‘लागेल तसा’ नसतं, ग्रॅम लिहिलेले असतात.

आमच्या या पट्ट्यात ताटातल्या कर्बोदकांचा हा प्रश्न माकुलापुरता राहत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली, ९५ गावांची जमीन नव्या शहराखाली गेली. ही गावं आगरी-कोळ्यांची. भातशेती, मिठागरं, खाडी. दिवसभर चिखलात आणि पाण्यात अंगमेहनत आणि ताटात भात, तांदळाची भाकरी, मासळीचं कालवण. शेतं गेली, मिठागरं गेली, मेहनतही गेली. भात मात्र ताटात तेवढाच राहिला. आज त्याच गावांतली पोरं ऐरोली-महापेच्या कचेऱ्यांत दिवसभर खुर्चीवर असतात, आणि आम्ही सिडकोच्या सदनिकांत राहायला आलेले लोक काही वेगळे नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात भारतातल्या मधुमेहींची संख्या १०.१ कोटी, म्हणजे प्रौढांच्या ११.४ टक्के, असा अंदाज दिलाय. माझ्या वर्गातल्या बायकांच्या पर्समध्ये कुणाच्या ना कुणाच्या रिपोर्टचा कागद असतोच.

२०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरांत ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद रंगला होता, तेव्हा मी दोन्हीकडून अंग काढून घेतलं होतं. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत, दिवसातून दोनदाच जेवा. ऋजुता दिवेकर सांगत, थोडं थोडं खा, आपलं घरचं, तूप-भातासकट. भिशीत, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत माणसं तावातावानं भांडत. मी म्हणायची, आहारतज्ज्ञांचं काम त्यांनी करावं, मी स्वयंपाकीण. ती विभागणी आता मला तितकीशी मान्य नाही. किती वेळा जेवावं हे मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नव्हे. पण ताटात पडलेल्या पदार्थात काय आणि किती आहे, हे ज्यानं शिजवलं त्यानंच सांगायला हवं. खाणाऱ्याला ते बाहेरून दिसत नाही. आवरणाखाली तर नाहीच नाही.

सांगायचंच तर पुरतं सांगायला हवं. माझं माकूल हे काही औषध नव्हे. १०० ग्रॅम माकुलात कोलेस्टेरॉल २३० मिलिग्रॅमच्या आसपास, बहुतेक माशांपेक्षा बरंच जास्त. ज्यांना डॉक्टरांनी त्याबाबत जपायला सांगितलंय त्यांनी ते ध्यानात ठेवावं. तेल कमी झालं, संपलं नाही. आणि पहिल्या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे : तळण रोजचं नव्हे. कुणी मला ‘आता तुम्हीही हेल्दीवाल्या झालात’ म्हटलं की मी नाही म्हणते. मी एका पदार्थातला निरुपयोगी भाग काढला. तो काढल्यानं पथ्य साधलं ही वरकमाई.

मतबदलातलं मला सगळ्यात अनपेक्षित होतं ते हे, की मत बदलून मी नव्या जागी गेलेच नाही. अस्सल विरुद्ध हलकं, असा मी सामना लावला होता. प्रत्यक्षात अस्सल हेच हलकं होतं आणि जड प्रकार मधेच कुठून तरी येऊन मालक होऊन बसला होता. हे माकुलापुरतं खरं आहे. सगळीकडे तसं नसेल. पुरणपोळीतून पुरण कमी करून काही साधणार नाही. पण आता कुणी एखाद्या पदार्थाची हलकी आवृत्ती मागितली, की नाक मुरडण्याआधी मी वजनकाटा काढते. कुठला घटक काम करतोय आणि कुठला नुसता बसून आहे, हे एकदा पाहून घेते. मैदा कधी कामाचा निघतो, कधी ऐतखाऊ.

यात गंमत अशी, की हे माकूल आपल्या दारातूनच इटलीला जातं. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. भारतातून निर्यात होणाऱ्या माकुलाचे स्पेन आणि इटली ही जुनी गिऱ्हाइकं. इथं ते साफ होतं, गोठवलं जातं आणि न्हावा-शेवा बंदरातून कंटेनरनं रवाना होतं. तिकडे ते चाळणीत झटकून तळतात, लिंबू पिळून खातात. आणि आपण इथं मॉलमध्ये बसून चुऱ्याच्या चिलखतातलं तेच माकूल चौपट पैसे मोजून ‘इटालियन’ म्हणून मागवतो. मीही मागवलंय आणि वाखाणलंय.

या पावसाळ्यानंतरच्या तुकडीसाठी मी वर्गाचा कागद नव्यानं लिहिलाय. कलामारी त्यात दोन प्रकारे आहे, दोन्हींच्या खाली कर्बोदकांचा आकडा आहे, आणि पहिल्या दिवशीचा माझा तो दंडक काढून टाकलाय. फुलकोबीचा ‘भात’ मात्र अजूनही शिकवणार नाही. तो मी तोलूनही पाहिला, चाखूनही पाहिला. काट्यानं त्याच्या बाजूनं कौल दिला, जिभेनं दिला नाही. ज्यांना हवा त्यांनी तो जरूर करावा. फक्त त्याला फुलकोबीची भाजी म्हणावं, म्हणजे माझी काही तक्रार नाही.